रोप उजेडाकडे का झुकतं? कोंब, मोड आणि ऑक्झिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गच्चीवर किंवा गॅलरीत भाजी लावणाऱ्यांसाठी मी रविवारी सकाळी छोटा वर्ग घेते. त्याआधी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. वर्ग संपला तरी व्हॉट्सॲपवर फोटो येत राहतात: ग्रिलकडे मान टाकलेला टोमॅटो, आडव्या पडलेल्या कुंडीतून वर उठलेली मिरची, घटातलं तिरकं धान. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काकू, खिडकीतलं रोप उजेडाकडे वळतं म्हणजे नेमकं काय होतं? उजेड त्याला ओढतो का?

उजेड ओढत नाही. आणि आपण मान वळवतो तसं रोप वळतही नाही. ते वाढतं, फक्त दोन्ही बाजूंनी सारखं वाढत नाही. सावलीकडच्या पेशी जास्त लांब होतात, उजेडाकडच्या कमी. एक बाजू लांब आणि दुसरी आखूड झाली की देठाला आखूड बाजूकडे वाकावंच लागतं. उन्हात घातलेल्या पापडाच्या कडा वर उचलल्या जातात, कारण वरची बाजू आधी आकसते. रोपात आकसण्याऐवजी वाढ असते, एवढाच फरक.

हे डोळ्यांनी पाहता येतं. वालाचं चार बोटं उंच झालेलं रोप घ्या. देठाच्या वरच्या भागावर, खिडकीकडच्या आणि खोलीकडच्या अशा दोन्ही बाजूंना, बारीक टोकाच्या मार्करने सारख्या अंतरावर ठिपके काढा आणि कुंडी न हलवता दुसऱ्या दिवशी बघा. खोलीकडचे ठिपके एकमेकांपासून लांब गेलेले दिसतील. मी हा प्रयोग दर वर्षी करून दाखवते आणि ठिपके पाहिल्यावर कुणाला वेगळं समजवावं लागत नाही.

शास्त्रात याला प्रकाशानुवर्तन म्हणतात. एकदा झालेली वाढ परत आखडत नाही हे मात्र लक्षात ठेवा. प्रश्न १२ चं सगळं उत्तर त्यावरच उभं आहे.

२. संप्रेरक म्हणजे काय? खत आणि संप्रेरक एकच का?

नाही. खत हे अन्नद्रव्य असतं आणि ते भरपूर लागतं. संप्रेरक म्हणजे निरोप. झाडाच्या एका भागात तयार होऊन दुसऱ्या भागात जाणारा, अगदी कणभर प्रमाणात काम करणारा पदार्थ. वाकण्याच्या बाबतीत मुख्य निरोप्या म्हणजे ऑक्झिन. ‘वाढणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं. झाडात सर्वात जास्त आढळणारं ऑक्झिन म्हणजे इंडोल ॲसेटिक आम्ल. ते कोवळ्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि देठातून खाली उतरतं. वेग साधारण तासाला एक सेंटिमीटर, म्हणजे मुंगीपेक्षाही कितीतरी हळू. पण दोन-तीन इंचांच्या रोपाला तेवढा पुरतो.

जिबरेलिन, सायटोकायनिन, इथिलीन, ॲबसिसिक आम्ल ही बाकीची मंडळीही आहेत. त्यांतलं इथिलीन प्रश्न १० मध्ये भेटेल.

३. नवरात्रात घटातलं धान पिवळं आणि इतकं उंच का येतं? आमच्याकडे ते समईकडे झुकलेलं असतं, ते खरंच दिव्यामुळे का?

हो, दिव्यामुळे. हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुरडीत किंवा पत्रावळीवर काळी माती घालून आपण धान्य पेरतो आणि घट देवघरात बसवतो. तिथे उजेड जेमतेम असतो. मातीतून वर येणाऱ्या कोंबाला वाटतं, अजून आपण जमिनीखालीच आहोत. मग त्याचा एकच कार्यक्रम असतो: बियातली शिदोरी संपायच्या आत उंच होऊन उजेड गाठायचा. पानं रुंद करायची नाहीत, हिरवा रंग करत बसायचा नाही, सगळं बळ लांबीला द्यायचं. गहू-ज्वारीत हरितद्रव्य तयार व्हायची शेवटची पायरी उजेडाशिवाय होतच नाही, म्हणून मागे उरतो तो कॅरोटिनॉइडचा फिकट पिवळा रंग. दसऱ्याला टोपीत किंवा केसांत खोवतो तो हाच. धान पिवळं आलं म्हणजे काही बिघडलं असं अजिबात नाही.

आता झुकण्याचं. अंधारात वाढलेला गव्हाचा कोंब उजेडाला विलक्षण हळवा असतो. भर उन्हात जिचा कोणाला पत्ताही लागणार नाही, अशी समईची एक ज्योत त्याला दिशा दाखवायला पुरते. आमच्या देवघराचा कोनाडा खोल आहे. एका वर्षी पाचव्या माळेला, कोंब दोन बोटं उंच असताना, मी समई उजवीकडून डावीकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक कोंबाचा खालचा भाग उजवीकडे कललेला होता तसाच होता आणि टोकं डावीकडे गेली होती. समई आधी कुठे होती आणि नंतर कुठे गेली, हे त्या दुरडीने लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं.

गहू, ज्वारी, बाजरी, भात ही सगळी गवताच्या कुळातली. त्यांच्या कोंबावर टोकदार, पोकळ म्यान असतं, त्याला कोलिऑप्टाइल म्हणतात. ऑक्झिनचा शोध याच म्यानामुळे लागला.

४. हा शोध कोणी लावला? दहावीच्या मुलाला सांगायचं आहे.

चार टप्पे सांगा. चौथ्यावर जास्त वेळ द्या.

१८८० मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी एका गवताचे कोंब घेतले. टोकावर कथिलाच्या पत्र्याची टोपी घातली तर कोंब उजेडाकडे वाकत नाही, पण टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला तर वाकतो. वाकतो मात्र टोकाच्या खाली. म्हणजे पाहतं टोक आणि वाकतो खालचा भाग. मधे काहीतरी निरोप जातो, असा त्यांनी अर्थ लावला.

डेन्मार्कच्या बॉयसेन येन्सेन यांनी १९१० नंतरच्या काही वर्षांत टोक कापून मधे जिलेटिनचा थर ठेवला, तर निरोप पार गेला. सावलीच्या बाजूने अभ्रकाची चकती खुपसली, तर अडला. म्हणजे निरोप हा कुठलातरी पदार्थ आहे आणि तो सावलीच्या बाजूने उतरतो.

हंगेरीच्या पाल यांनी १९१९ मध्ये कापलेलं टोक अंधारातच एका कडेला सरकवून ठेवलं. उजेड नसतानाही कोंब विरुद्ध बाजूला वाकला.

चौथा टप्पा नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचा. फ्रिट्स वेन्ट १९२६ मध्ये अवघ्या तेविशीत होते. त्यांनी ओटच्या कोंबांची टोकं कापून अगारच्या वडीवर ठेवली. अगार म्हणजे आपल्या वाणसामानात मिळणारा चायना ग्रास, दूध घालून वड्या करतो तोच. टोकातलं काही वडीत उतरू दिलं, मग टोकं फेकून दिली. त्या वडीचा बारीक चौकोनी तुकडा टोक उडवलेल्या दुसऱ्या कोंबावर एका कडेला ठेवला. अंधारात, टोक नसलेला तो कोंब वाकला, तुकडा ज्या बाजूला होता त्याच्या विरुद्ध बाजूला. साध्या अगारच्या तुकड्याने काहीच झालं नाही. शिवाय तुकड्यात जितकी टोकं उतरवली, तितकं वाकणं एका मर्यादेपर्यंत वाढत गेलं. म्हणजे कोंब किती अंश वाकला ते मोजायचं आणि संप्रेरक किती होतं ते सांगायचं. रसायनशास्त्राचं एकही यंत्र न वापरता. मला यापेक्षा देखणा प्रयोग माहीत नाही.

हा पदार्थ म्हणजे इंडोल ॲसेटिक आम्ल हे १९३४ मध्ये कळलं आणि तेव्हा ते वेगळं काढलं होतं माणसाच्या लघवीतून. ही गोष्ट मुलं कधीच विसरत नाहीत.

५. मुलीच्या नोट्समध्ये लिहिलंय की उजेडाने ऑक्झिन नष्ट होतं, म्हणून त्या बाजूची वाढ कमी होते. बरोबर आहे का?

बरोबर नाही, पण ही चूक फार जुनी आणि फार पसरलेली आहे. ऑक्झिन उजेडाला घाबरून पळतं असंही कुणीकुणी सांगतात, तेही खरं नाही.

१९५७ मध्ये विन्स्लो ब्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या कोंबांवर हे तपासलं. एका बाजूने उजेड दिलेल्या टोकांतून आणि अंधारातल्या टोकांतून एकूण ऑक्झिन सारखंच उतरलं. नष्ट झालं असतं तर कमी भरायला हवं होतं. मग टोकाच्या मधोमध आरपार काचेची पातळ चकती घातली, तर दोन्ही बाजूंना सारखं. चकती वर थोडी जागा सोडून घातली, तर सावलीच्या बाजूला जास्त. म्हणजे टोकातल्या टोकात ऑक्झिन आडवं सरकतं.

सरकवतात पेशींच्या कडेला बसलेली काही प्रथिनं. त्यांतल्या एका कुटुंबाचं नाव पिन. हे प्रथिन बिघडलं की अराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या रोपाला फुलं येत नाहीत, नुसता टाचणीसारखा उघडा दांडा येतो, त्यावरून ते नाव. ही प्रथिनं पेशीच्या ज्या कडेला बसतात, त्या कडेने ऑक्झिन बाहेर पडतं. त्यांची जागा बदलली की निरोपाची वाट बदलते.

६. देवघरात लाल झिरो बल्ब रात्रभर चालू असतो. रोपं त्याच्याकडे का झुकत नाहीत?

कारण दिशा ओळखण्यासाठी रोप निळा उजेड वापरतं. हे काम करणाऱ्या प्रथिनाचं नाव फोटोट्रॉपिन. ते साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळा-निळा उजेड टिपतं. त्याचं जनुक १९९७ मध्ये ओळखलं गेलं, तेही ब्रिग्ज यांच्याच प्रयोगशाळेतून, प्रश्न ५ मधल्या कामानंतर ४० वर्षांनी. शुद्ध लाल उजेड त्याला जवळजवळ दिसत नाही. म्हणून अशा प्रयोगांच्या अंधारखोलीत लाल दिवा लावून काम करता येतं.

मग समईकडे कोंब कसे झुकतात? तिच्या पिवळ्या उजेडातही थोडा निळा अंश असतो आणि अंधारातल्या कोंबाला तेवढा पुरतो. लाल दिव्याचाही रोपावर परिणाम होतो, पण तो वेगळा: फायटोक्रोम नावाचं दुसरं प्रथिन तो टिपतं आणि कोंबाला कळवतं की आता लांब होणं आवर. दिशा मात्र त्यातून ठरत नाही.

याच कारणाने रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी लागल्यापासून गॅलरीतली कोवळी रोपं रात्री रस्त्याकडे कलतात, असं कुणी सांगितलं तर मी हसण्यावारी नेत नाही. पांढऱ्या एलईडीत निळा भाग चांगलाच असतो.

७. ऑक्झिन आलं की पेशी लांब होते, ती कशी? आत नवीन पेशी तयार होतात का?

वाकण्याच्या वेळी मुख्यतः आहे तीच पेशी ताणली जाते. पेशीभोवती कडक भिंत असते आणि आत पाण्याचा दाब. ऑक्झिन पोचलं की पेशी बाहेरच्या भिंतीत आम्ल, म्हणजे हायड्रोजनचे आयन, पंप करते. भिंतीचा सामू पाचच्याही खाली जातो, तिथली एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं जागी होतात आणि भिंतीतले धागे एकमेकांवरून घसरू लागतात. भिंत सैल पडली की आतलं पाणी तिला ताणतं. कोलिऑप्टाइलला ऑक्झिन लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत वाढीचा वेग बदलतो.

म्हणूनच पाण्याअभावी मलूल झालेलं रोप उजेडाकडे नीट वाकत नाही. भिंत सैल करायला निरोप आला, पण ताणायला दाब नाही.

८. मग मूळ खाली का जातं? आडव्या रोपात ऑक्झिन खालच्या बाजूला जमतं म्हणता, तर मुळानेही वर यायला हवं ना?

शंका अगदी योग्य आहे आणि वर्गात ती ज्याला सुचते त्याचं मला कौतुक वाटतं. आडव्या रोपात खोडात आणि मुळातही ऑक्झिन खालच्याच बाजूला जास्त जमतं. फरक आहे तो ऐकणाऱ्यात. खोडाच्या पेशींना ते प्रमाण वाढायला सांगतं, म्हणून खालची बाजू लांब होते आणि शेंडा वर उठतो. मुळाच्या पेशींना ऑक्झिन फारच थोडं लागतं. खोडाला मानवणारं प्रमाण त्यांना जड होतं आणि त्यांची वाढ थांबते. खालची बाजू थांबली, वरची वाढत राहिली, मूळ खाली वळलं.

मिठाच्या उदाहरणाने सांगते. आमटीला लागतं तेवढं मीठ ताकात घातलं तर ताक तोंडात धरवत नाही.

एका बाजूला ऑक्झिन जास्त जमल्यामुळे रोप वाकतं ही मांडणी युक्रेनचे चोलोद्नी आणि प्रश्न ४ मधले वेन्ट यांनी १९२० च्या दशकात एकमेकांशी संबंध नसताना केली. तपशील खूप बदलले, पण गाभा टिकला आहे.

९. मातीत मिट्ट काळोख असतो. खाली कुठे आणि वर कुठे, हे बीला कसं कळतं?

मुळाच्या टोकावर मूलटोपी असते. तिच्या मधल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की काही मिनिटांत ते नव्या तळाशी जाऊन बसतात. तांदूळ अर्धवट भरलेला डबा आडवा केला की दाणे सरकतात, तसं. कण खाली बसले की त्या पेशीतली पिन प्रथिनं खालच्या बाजूला येतात आणि ऑक्झिनचा ओघ तिकडे वळतो. पुढचं प्रश्न ८ मध्ये आहे. मूलटोपी अलगद काढली तर मूळ वाढतं, पण दिशा चुकतं. खोडात हेच काम आतल्या एका थरातल्या पेशी करतात.

हे सगळं गुरुत्वामुळे होतं याचा पुरावा १८०६ मधला आहे. इंग्लंडच्या थॉमस नाइट यांनी ओढ्याच्या पाण्यावर वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या कडेला बिया बांधल्या. मुळं बाहेरच्या दिशेने वाढली आणि कोंब चाकाच्या मध्याकडे. आकाशपाळण्यात आपण बाहेर फेकले जातो, त्या फेकीलाच बियांनी ‘खाली’ मानलं.

एक अपवाद सांगते. पिष्ट तयारच करू न शकणारी रोपंही खाली-वर ओळखतात, फक्त मंदपणे. पिष्ट नसलं तरी त्या पेशीतल्या कणिका थोड्या जड असतातच.

१०. मटकीच्या मोडाला टोकाशी आकडा का असतो? तो उजेडामुळे की आणखी कशामुळे?

फडक्यातली मटकी सोडून एक दाणा हातात घ्या. दुसऱ्या दिवशी दिसतं ते मूळ असतं. चार दिवस तशीच ओली ठेवली तर देठ लांब होतो आणि डाळिंब्यांजवळ मान खाली घातल्यासारखा वाकतो. तो आकडा. मातीतून वर येताना कोवळा शेंडा खरचटू नये म्हणून रोप वाकलेली मान पुढे करून माती उकलतं आणि शेंडा मागून ओढून नेतं.

हे वाकणं उजेडामुळे होत नाही. अंधारातच होतं आणि उजेड मिळाला की सरळ होतं. यात ऑक्झिनबरोबर इथिलीन हा वायू असतो. आकड्याच्या आतल्या बाजूला ऑक्झिन जमतं आणि तिथली वाढ अडवतं. म्हणजे देठाचा भाग असूनही इथे ऑक्झिन मुळातल्यासारखं वागतं. ‘खोडात वाढवतं, मुळात थांबवतं’ हा नियम पाठ केलेल्यांनी हा अपवाद जरूर लिहून ठेवावा.

माती घट्ट असली की कोंब जास्त इथिलीन सोडतो, देठ आखूड आणि जाड होतो, आकडा आणखी आवळतो. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेल्युबॉव यांच्या प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब असेच आखूड, जाड आणि आडवे वाढत होते. दिव्याच्या वायूतलं इथिलीन त्याला कारण आहे हे त्यांनी शोधून काढलं. आंब्याच्या अढीत फळं पिकवतं ते हेच. दोन डब्यांत मोड आणा, एकात मऊ पिकलेलं केळं ठेवा आणि तुलना करा.

११. टोमॅटो-मिरचीची रोपं लांबुडकी होऊन लोळतात. ऑक्झिन जास्त झालं म्हणून का? काही फवारू का?

काहीही फवारू नका. उजेड कमी आणि गर्दी जास्त, हे खरं कारण. शेजारच्या पानांमधून गाळून आलेल्या उजेडात लाल भाग कमी उरतो. त्यावरून रोप ओळखतं की आपल्याला झाकलं जातंय आणि ऑक्झिन वाढवून उंच पळतं. म्हणजे ऑक्झिनचा हात आहे, पण हुकूम सावलीचा. गरम रात्रीही लांबी वाढवतात.

पुण्यात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं आणि नेमकी तेव्हाच आपण रोपं करतो. त्यात गॅलरी पश्चिमेची असली की दुपारपर्यंत रोपं अंधारात. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे घरातल्या सर्वांत उजेडाच्या जागी न्या, दोन दिवसांनी नाही. दाट उगवलं असेल तर जीव घट्ट करून विरळणी करा. रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच दहा-बारा वेळा फिरवा. स्पर्शाने आणि वाऱ्याने देठ आखूड आणि दणकट होतो. टोमॅटो लांबलाच असेल तर लावताना देठ पानांपर्यंत खोल गाडा, गाडलेल्या देठाला मुळं फुटतात. मिरची तेवढी साथ देत नाही.

१२. ट्रे रोज फिरवावा का? वाकलेलं रोप पुन्हा सरळ होईल का?

फिरवावा, रोज पाव फेरा. वाकलेला भाग अजून कोवळा असेल तर बराच सरळ होतो. देठ निबर झाला असेल तर तो बाक कायमचा आणि नवी वाढ त्याच्या वरून सरळ निघते. म्हणून आठवड्यातून एकदा आठवण झाली की ट्रे उलटा फिरवणाऱ्यांची रोपं नागमोडी होतात. त्याने रोप मरत नाही, फक्त वारा आला की आधी तेच आडवं होतं.

माझ्या मते फिरवण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे ट्रेच्या खोलीकडच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करणं. उजेड उलट बाजूनेही परततो आणि दोन्ही बाजूंतला फरक कमी होतो. रोप वाकतं ते फरकामुळे.

१३. मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी मुगाच्या शेंड्यावर फॉइलची टोपी घातली, तरी रोप उजेडाकडे वाकलं. डार्विनचा प्रयोग चुकीचा आहे का?

डार्विन बरोबर आणि तुमचा मुलगाही बरोबर. डार्विनने गवताचे कोंब वापरले, त्यांत उजेड मुख्यतः टोक पाहतं. मूग द्विदल आहे. द्विदल रोपांत डाळिंब्यांखालचा देठ स्वतःही उजेड टिपू शकतो, त्यामुळे नुसता शेंडा झाकून भागत नाही. गहू, ज्वारी किंवा मका घ्या आणि कपाटात अंधारात उगवा. पान म्यान फोडून बाहेर यायच्या आत, म्हणजे कोंब एक-दोन सेंटिमीटरचा असतानाच, टोपी घाला. तीन गट ठेवा: टोपीविना, फॉइलची टोपी, पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी. तिसरा गट वाकला की टोपीच्या वजनाचा आक्षेप निकाली निघतो. मुगाचा फसलेला प्रयोगही तक्त्यावर जरूर लावा. परीक्षकांना तोच जास्त आवडेल.

१४. सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे बघतं, त्यातही ऑक्झिनच का?

कोवळं सूर्यफूल बघतं. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, शेंडा पश्चिमेला जातो. रात्री पश्चिमेकडची वाढते आणि पहाटेपर्यंत तो परत पूर्वेला येतो. सूर्य नसताना परत येतो, म्हणजे आतल्या घड्याळाचाही यात भाग आहे. खोडाची वाढ संपली की हे फिरणं थांबतं आणि उमललेलं फूल पूर्वेकडे तोंड करून राहतं. सकाळी ते लवकर तापतं आणि मधमाश्या जास्त येतात.

१५. पावसाने आडवी झालेली ज्वारी आपोआप उठते. ती तर मोठी झालेली असते, मग कशी?

ज्वारी, मका, ऊस यांच्या प्रत्येक पेऱ्याजवळ एक फुगीर कडं असतं. बाकीचं खोड निबर झालं तरी त्या कड्यातल्या पेशी लांब होऊ शकतात. ताट आडवं पडलं की खालच्या बाजूच्या पेशी वाढतात आणि पेऱ्यापेऱ्यात थोडा-थोडा कोन होत ताट वर उठतं. कणसात दाणा भरल्यावर पडलेलं ताट मात्र सहसा उठत नाही.

१६. लाजाळूचं मिटणं आणि दोडक्याच्या ताण्याचं गुंडाळणं हेही असंच का?

लाजाळू वेगळी. तिथे वाढ होत नाही, पानाच्या तळाशी असलेल्या फुगवट्यातल्या पेशींतून पाणी निघून जातं आणि पान पडतं. म्हणून ते थोड्या वेळाने पूर्ववत होतं. जगदीशचंद्र बोस यांनी या हालचालींचे विजेचे संकेत आपल्याच बनवलेल्या नाजूक यंत्रांनी मोजले. दोडक्याच्या ताण्यात सुरुवातीचं पटकन वळणं पाण्याच्या दाबाने होतं आणि पक्कं गुंडाळणं स्पर्श न झालेल्या बाजूच्या जास्त वाढीने.

१७. सगळीच रोपं उजेडाकडे जातात का?

नाही. बरीच मुळं उजेडापासून दूर जातात. मॉन्स्टेराच्या एका जातीची जंगलातली रोपं तर सर्वांत काळ्या दिशेकडे सरपटतात, कारण तिथे बहुधा जाड बुंधा असतो आणि त्यांना चढायला झाड हवं असतं. बुंधा मिळाला की त्यांचा कल उलटतो आणि ती उजेडाकडे चढतात.

१८. दुकानात संजीवक म्हणून ऑक्झिनच्या बाटल्या मिळतात. रोपांवर मारल्या तर काय होईल?

कलमाच्या काडीला मुळं फोडायची पावडर म्हणजे बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल, ऑक्झिनचाच भाऊबंद. काडीच्या बुडाला लावायला ती उत्तम. पण रोपावर फवारू नका. बाहेरून सगळीकडे सारखं ऑक्झिन बसलं की आतला कमी-जास्त फरकच पुसला जातो आणि रोपाला दिशा उरत नाही.

हे किती गंभीर होऊ शकतं ते मी अनुभवलं आहे. एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून फवारणीचा पंप आणला होता. त्यात आधी २,४-डी हे तणनाशक भरलेलं होतं. ते कृत्रिम ऑक्झिनच आहे. रुंद पानांचं तण त्याने बेशिस्त वाढून मरतं आणि गवतकुळातली पिकं टिकतात. मी पंप दोनदा साध्या पाण्याने विसळला आणि कडुनिंबाचा अर्क भरून टोमॅटोच्या ६० रोपांवर मारला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देठ पिळल्यासारखे वळले होते, पानांचे दांडे खाली झुकले होते. आठवड्याने आलेली नवी पानं अरुंद आणि दोऱ्यासारखी होती, शिरा जवळजवळ आलेल्या. शेजारच्याच ट्रेमधल्या मक्याला काहीही झालं नव्हतं. ६० पैकी एकही रोप लावण्याजोगं उरलं नाही. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगाने मोठी खूण करा आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नका, कितीही धुतलात तरी.

१९. लसणाच्या पाकळ्या घाईत उलट्या लावल्या. उकरून परत लावू का?

राहू द्या. प्रश्न ८ आणि ९ मध्ये सांगितलेलंच होईल: कोंब खाली निघून वळसा घेईल आणि वर येईल, मुळं दुसरीकडून वळून खाली जातील. उगवायला थोडे दिवस जास्त लागतील आणि गड्डा जरा वाकडा भरेल. काढणीच्या वेळी असा एखादा गड्डा सापडला तर मातीसकट फोटो पाठवा. वळशाचा देठ अखंड असेल तर मला तो पुढच्या वर्गात दाखवायला हवा आहे.